आधी त्याचं ‘नको’ ऐक

अगं, चिनूला ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवायला तू व्हिडिओ शोधतेयस. दाखव की. पण पाहुणे आले की तूच त्याला पुढे ढकलतेस, ‘काकांना पापी दे, नाहीतर ते रुसतील.’ पोर अंग चोरतं, सगळे हसतात. मग त्या व्हिडिओतल्या बाईंवर त्याने विश्वास का ठेवावा? नमस्कार करू दे, टाळी देऊ दे. काका रुसले तर रुसोत. सासूबाईंना वाईट वाटलं तर त्यांच्याशी तू बोल, ते त्याच्या गळ्यात नको. गुदगुल्यांचंही तेच. हसताना का होईना, ‘पुरे’ म्हणाला की बाबाचा हात तिथेच थांबला पाहिजे. आणि छोटी बहीण ‘पुरे’ म्हणाली की चिनूचाही.

मुलगा आहे, त्याला कोण काय करणार, हे मनातून काढ. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत केलेल्या पाहणीत (अहवाल २००७ चा) निम्म्याहून जास्त मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं होतं. मुलगेही त्यात मुलींइतकेच. त्रास देणारे बरेचसे ओळखीचे.

म्हणून नुसतं ‘वाईट स्पर्श’ पुरत नाही. ओळखीचा माणूस दुखवत नाही, आधी लाड करतो, खेळ म्हणून करतो. मुलाला ते वाईट वाटेलच असं नाही. त्यापेक्षा सरळ सांग: चड्डीच्या आतल्या जागेला कुणी हात लावायचा नाही, कुणी लावायला सांगितलं तर तेही करायचं नाही. अंघोळ घालताना आम्ही, आणि डॉक्टर, तेही आम्ही समोर असताना. आणि कुणी ‘आईला सांगू नकोस’ म्हटलं, की तेच आधी येऊन सांगायचं. बाबाच्या वाढदिवसाचा केक लपवणं वेगळं, तो संध्याकाळी कापतातच. हे एकदा बसवून सांगायचं भाषण नव्हे हं. अंघोळीत, रिक्षात, जमेल तसं.

आणि देव न करो, कधी त्याने काही सांगितलंच, तर ‘तू तिथे गेलासच कशाला?’ हे तोंडातून येऊ देऊ नकोस. ‘बरं झालं सांगितलंस, तुझी काही चूक नाही,’ एवढंच. खोदून खोदून विचारू नकोस. नुकतंच घडलं असेल तर अंघोळ घालू नको, कपडे धुऊ नको, आधी दवाखाना. ‘घरातलं घरात मिटवू’ म्हणणारे भेटतील. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळलेलं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग माणूस घरचा असो की बाहेरचा. पोलीस ठाण्याची धास्ती घेऊ नकोस. जबाब मुलाच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते, आणि गणवेशात यायचं नाही असा नियमच आहे. काही सुचलं नाही तर १०९८ लाव, मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर, पैसे पडत नाहीत. तो चिनूलाही पाठ करून घे.