पहिला शर्ट शिवताना

प्रश्न : ब्लाउज, फ्रॉक मला बऱ्यापैकी जमतात. आता यजमानांसाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट शिवायचा आहे, पण कॉलरची धास्ती वाटते. काय करू?

उत्तर : धास्ती रास्त आहे, शर्टाची सगळी शान कॉलरवर असते. म्हणून आधी मांजरपाटाच्या तुकड्यावर नुसत्या दोन कॉलरी शिवून बघा. बकरम शिवणीच्या रेषेपर्यंतच कापा, नाहीतर कडा जाड होतात. टोकाशी सुई एकदम वळवू नका, एक तिरका टाका घ्या. मग जादा कापड छाटून उलटवा. टोक बाहेर काढायला कात्री वापराल तर भोक पडेल (माझं पडलं होतं!), बोथट काडी घ्या.

कापड सुती पॉपलिन, रेयॉन नको. मध्यम अंगाला 58 इंची पन्ह्याचं दोन मीटर पुरतं. बेतण्याआधी ते भिजवून, वाळवून इस्त्री करा. मापासाठी नीट बसणारा जुना शर्ट उसवणं उत्तम. बगल शिवण्याआधी बाही मुंढ्याला जोडा, मग बाहीपासून घेरापर्यंत एकच शिवण मारा.

आणि हो, पुरुषांच्या शर्टाला काजं डाव्या पट्टीवर, बटणं उजव्या.