हसावे की हसू नये? हिचकॉकच्या एका भागाचा अभ्यास



मागच्या महिन्यात अकरावीच्या वर्गाला आम्ही ‘आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स’ या जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेचा एक भाग दाखवला. भागाचे नाव ‘लँब टू द स्लॉटर’, म्हणजे कसायाकडे निघालेले कोकरू. तो १३ एप्रिल १९५८ रोजी प्रथम प्रसारित झाला. कृष्णधवल आहे आणि जेमतेम पंचवीस मिनिटांचा आहे. त्यानंतरच्या पालक सभेत एका आईने उभे राहून विचारले, “सर, बाई नवऱ्याचा खून करते, शेवटी हसते, आणि आमची मुलं घरी येऊन ते हसत हसत सांगतात. शाळेने हे शिकवायचं का?” विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनीही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत केला.

प्रश्न योग्य होता. सभेत आम्ही काहीबाही उत्तर दिले, पण आमचेच समाधान झाले नाही. कारण पहिल्यांदा पाहताना आम्ही स्वतःही हसलो होतो. म्हणून हा भाग पुन्हा दोनदा पाहिला, मूळ कथा वाचली (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे शब्दकोश शेजारी ठेवूनच) आणि आता हा लेख लिहायला बसलो आहोत.

आधी कथानक सांगतो. मेरी मलोनी ही एका पोलीस अधिकाऱ्याची गरोदर पत्नी. संध्याकाळी ती नवऱ्याची वाट पाहत असते. तो येतो आणि थंडपणे सांगतो की मी तुला सोडून चाललो आहे. मेरी यंत्रासारखी स्वयंपाकाला लागते. फ्रीझरमधून मेंढीच्या कोकराची गोठलेली तंगडी काढते, मागून जाते आणि तीच त्याच्या डोक्यात घालते. तो जागीच मरतो. मग ती तंगडी ओव्हनमध्ये ठेवते, वाण्याकडे जाऊन भाजी आणते आणि पोलिसांना बोलावते. नवऱ्याचेच सहकारी येतात. घराचा कोपरा न् कोपरा शोधतात, हत्यार मिळत नाही. शेवटी मेरी त्यांना जेवायला बसवते. हत्यार कदाचित आपल्या नाकासमोरच असेल असे बोलत बोलत ते ते हत्यार खाऊन टाकतात. बाहेरच्या खोलीत बसलेली मेरी हसते.

मूळ कथा रोआल्ड डालची. ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ लिहिणारा लेखक तोच, हे ऐकून वर्गातल्या निम्म्या मुलांना विश्वास बसला नाही. कथा १९५३ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात आली आणि टीव्हीची पटकथाही डालनेच लिहिली. या मालिकेचे अर्ध्या तासाचे २६८ भाग १९५५ ते १९६२ या काळात निघाले. हिचकॉक प्रत्येक भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी येऊन बोलत असला तरी दिग्दर्शन त्याने त्यांपैकी फक्त १७ भागांचे केले. हा त्या सतरातला एक.

आता गुणांकडे येऊ. गुन्ह्याची मालिका म्हटले की आपल्या मुलांना १९९८ पासून वीस वर्षे चाललेली ‘सीआयडी’ आठवते, आमच्या पिढीला ‘करमचंद’ आणि ‘ब्योमकेश बक्षी’ आठवतात. तिथे खुनी कोण हे शेवटी कळते. इथे खुनी कोण, कशाने, का, सगळे पहिल्या काही मिनिटांत आपल्यासमोर घडते. मग उरते काय? उरते ते पोलिसांचे अज्ञान आणि आपले ज्ञान. पोलीस तळघरात, आवारात काहीतरी जड, बोथट वस्तू शोधत फिरतात आणि स्वयंपाकघरातून भाजण्याचा वास येत असतो. बाई, तुमचा ओव्हन अजून चालूच आहे, हे तिला सांगतो तोही पोलीसच! आम्ही हसतो ते इथे, मेल्या माणसाला नव्हे. दुसऱ्या वेळी आम्ही मुलांना मुद्दाम वहीत खूण करायला सांगितली होती, कुठे हसू आले त्याची. तंगडीच्या घावापाशी एकाही वहीत खूण नव्हती. ओव्हनपाशी जवळजवळ सगळ्यांची होती.

हत्याराची कल्पना तर अशी साधी की हेवा वाटावा. यावर वर्गात चर्चा चालू असताना एक मुलगा म्हणाला, “सर, आपल्या घरी वरवंटा असता. तो धुऊन ठेवता आला असता, पण खाता आला नसता.” आम्हांला वाटते, या भागाचे इतके नेमके परीक्षण आम्हांलाही करता आले नसते. पुरावा लपवला जात नाही, तो पाहुणचार म्हणून वाढला जातो, आणि तोही पुरावा शोधणाऱ्यांच्याच ताटात.

बार्बरा बेल गेडीस हिचा अभिनय हा दुसरा मोठा गुण. हीच अभिनेत्री त्याच वर्षी हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ चित्रपटातही होती. नवऱ्याचे बोलणे ऐकताना ती रडत नाही, ओरडत नाही. चेहरा रिकामा होत जातो. घाव घालतानाही रक्त दिसत नाही, किंकाळी नाही. आजच्या मालिकांत ढोल-ताशांसारखे पार्श्वसंगीत वाजवून प्रत्येक शिंकेला जे महत्त्व देतात (हे आमचे जुने दुखणे आहे, क्षमा असावी), त्याच्या नेमके उलट. शेवटी ती भिंतीलगत खुर्चीत एकटी बसलेली असते, आतून पुरुषांच्या जेवणाचे आणि बोलण्याचे आवाज येतात, कॅमेरा हळूहळू जवळ जातो आणि ओठांवर हसू फुटते. ते हसू विजयाचे की वेडाचे, हे दोनदा पाहूनही आम्हांला ठरवता आले नाही.

पण दोषही आहेत, आणि पालकांच्या प्रश्नाचे मूळ त्यांतच आहे.

पहिला दोष नवऱ्याचा. त्याला इतका कोरडा, इतका निष्ठुर रंगवला आहे की पाहणाऱ्याला त्याच्या मरणाची हळहळच वाटू नये. खून सोपा करून ठेवला आहे, मेरीला नव्हे, आपल्याला. मूळ कथेत डालने मोठी युक्ती केली होती. नवरा काय बोलला ते त्याने लिहिलेच नाही. तो बोलला, फार वेळ लागला नाही, एवढेच कळते. वाचकाला स्वतः कल्पना करावी लागते, आणि कल्पना केली की न्यायनिवाडा इतका झटपट होत नाही. टीव्हीवर पात्राला बोलावेच लागते. नवऱ्याचे दुसऱ्या स्त्रीवर प्रेम आहे हे उघड सांगितले जाते, आणि ते ओळखीच्या साच्यात बसून जाते.

दुसरा दोष आम्हांला अधिक मोठा वाटतो. कथेत खुनानंतर मेरी गर्भातल्या मुलाचा विचार करते. आपल्याला फाशी झाली तर बाळाचे काय, कायदा त्या बाळाला जगू देईल का, या भीतीतून तिची सगळी चतुराई सुरू होते. वाण्याकडे जाण्यापूर्वी ती आरशासमोर बोलण्याचा सराव करते, आणि परतल्यावर नवऱ्याचे प्रेत पाहून खरोखर रडते, नाटक करावेच लागत नाही. कथेतल्या मेरीच्या मनात लेखक आपल्याला नेतो. पडद्यावर मन दिसत नाही, कृती दिसते. त्यामुळे टीव्हीवरची मेरी अधिक हिशेबी वाटते. खोली विस्कटून झटापटीचा देखावा करते तेव्हा तर ती सराईत गुन्हेगारासारखी वागते. कथेतल्या मेरीला याची गरजच पडत नाही.

लहानसहान दोषही आहेत. गृहविज्ञानाच्या बाईंनी लक्षात आणून दिले की गोठलेले मांस तसेच ओव्हनमध्ये ठेवले तर नेहमीच्या दीडपट वेळ लागतो. एवढी मोठी तंगडी शिजायला तासन्‌तास हवेत. पोलिसांनी घरात इतका वेळ काय केले? असो. काळ्या विनोदाला घड्याळ फार लावू नये.

मग येतो शेवट. अमेरिकेत १९५२ पासून टीव्ही प्रसारकांची आचारसंहिता होती. गुन्ह्याचे समर्थन होता कामा नये, असा तिचा दंडक. त्यामुळे मेरी सुटली असे दाखवून पडदा पाडणे अवघड होते. हिचकॉक स्वतः येतो आणि गंभीर चेहऱ्याने सांगतो की मेरी पुढे पकडली गेली. दुसऱ्या नवऱ्यावर तिने हाच प्रयोग केला, पण तो विसराळू होता, फ्रीझर चालू करायलाच विसरला होता, आणि मांस मऊ पडले होते! नियम पाळला गेला, आणि नियमाची थट्टाही झाली. आमच्या इंग्रजीच्या सरांना हा शेवट फार आवडतो. आमचे मत निराळे आहे. या एका वाक्याने मेरी विनोदाची बाहुली होते. जी बाई एका भयंकर संध्याकाळी कोसळली, ती आता सवयीने नवरे मारणारी ठरते. हसू मोठे येते, पण मघाचे खुर्चीतले हसू त्यात वाया जाते.

आता सभेतल्या प्रश्नाकडे परत येतो. ‘जाने भी दो यारो’ (१९८३) आपल्यापैकी बहुतेक पालकांनी पाहिला आहे. त्यात प्रेताला द्रौपदीची साडी नेसवून महाभारताच्या प्रयोगात उभे करतात आणि आपण पोट धरून हसतो. तिथे मेलेला माणूस आपल्या मनात कोणाचा नवरा, कोणाचा मित्र म्हणून येतच नाही, म्हणून हसणे सोपे जाते. डाल आणि हिचकॉक यांच्या भागात मात्र मेलेला माणूस शेजारच्या खोलीतल्या लोकांचा सहकारी आहे. अकरावीतील एका मुलीच्या वहीत एकही खूण नव्हती. विचारले तेव्हा ती म्हणाली, “सर, त्यांचा मित्र गेला आणि ते त्याच्याच घरी जेवत होते. कोणालाच घास अडकला नाही.” वर्ग गप्प झाला. आम्हीही. मेरीने खून केला हे खरे, पण त्या संध्याकाळी त्या घरात आणखी काय मेले होते ते आम्हांला तोवर दिसले नव्हते, आणि हे दाखवणारी वही त्याच भागाने भरवली होती.

प्रश्न विचारणाऱ्या आईंना आम्ही दुसऱ्या वेळी पाहायला बोलावले होते. त्या मागच्या बाकावर बसल्या. ओव्हनपाशी त्यांनाही हसू आले, शेवटी आले नाही. हा भाग नववीच्या खाली दाखवू नये, आणि कोणत्याही वर्गाला शिक्षकांशी चर्चा केल्याशिवाय दाखवू नये, ही त्यांची सूचना आम्ही मान्य केली आहे. विश्वस्त मंडळालाही तसे कळवले आहे.

अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय: (१) नवरा मेरीला काय म्हणाला असेल, ते त्याच्या बाजूने, त्याला खलनायक न करता, दहा ओळींत लिहा. (२) हिचकॉकचे शेवटचे निवेदन काढून टाकले तर भागाचा अर्थ बदलतो का? आमच्याशी सहमत नसाल तर अवश्य तसे लिहा. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू.