धातू जळतो तेव्हा वजन का वाढते?

शाळेतील प्रयोगात मॅग्नेशियमची फीत पेटवून ऑक्सिजनच्या बरणीत धरली, की डोळे दिपवणारा प्रकाश पडतो व पांढरी भुकटी उरते. मुले प्रकाश पाहतात. रसशाळाचालकाने मात्र तराजूकडे पाहावे. लाकूड जळून राख हलकी होते, धातू जळून जड होतो. २४ ग्रॅम मॅग्नेशियमपासून सुमारे ४० ग्रॅम ऑक्साइड होते. फ्रान्समधील लव्हाझिए याने १७७४ मध्ये बंद पात्रात कथील तापविले, तेव्हा पात्रासह एकूण वजन बदलले नाही. पात्र उघडताच हवा आत शिरली आणि वजन वाढले. धातूने हवेतील अंश घेतला होता.

यशदाच्या जारणास हाच हिशेब लागू पडतो. १०० ग्रॅम शुद्ध यशद पूर्ण जळाल्यास सुमारे १२४.५ ग्रॅम ऑक्साइड मिळावयास हवे. ११० ग्रॅमच भरले, तर काही धातू न जळता राहिला अथवा पांढऱ्या धुराबरोबर उडाला असे समजावे. जारणात अपामार्गाचे चूर्ण वापरले असल्यास त्याची राखही वजनात येते व आकडा फसवा ठरतो. तेवढेच चूर्ण स्वतंत्र जाळून ती राख वजा करावी. हे कष्ट बहुधा कोणी घेत नाही!

वजन पुरे भरले म्हणून भस्म सिद्ध झाले असे नव्हे. रेखापूर्ण, वारितर या परीक्षा सूक्ष्मता व हलकेपणा दाखवितात. मुक्त धातू उरला आहे काय, हे निरुत्थ परीक्षेत कळते: ज्ञात वजनाच्या चांदीबरोबर भस्म तीव्र तापवून, थंड झाल्यावर चांदी पुन्हा तोलावी. तिचे वजन वाढल्यास पुढील पुटे द्यावीत.