नितळ कातडीची साक्ष

देवास,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. बाळास,


तुझे पत्र पोचले. इंदूरच्या डॉक्टरांनी कागदावर ‘सोरायटिक आर्थ्रायटिस’ असे लिहून दिले, आणि पत्र वाचून वाटले की दुखण्यापेक्षा तुला ते नावच अधिक टोचते आहे. अंगावर एक चट्टा नाही, कुठे खपली नाही, मग सोरायसिसचा संधिवात आला कुठून, असे तू विचारतोस. घरचेही तेच विचारतात. तुझ्या नोकरीच्या पेढीवरच्या मंडळींनी विचारण्याची तसदीही घेतलेली दिसत नाही. तिशीतला धट्टाकट्टा मुलगा सकाळी कण्हत येतो आणि दुपारी जिने चढतो, यावरून त्यांनी काय ते ठरवून टाकले आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की कातडी नितळ असणे हा या आजाराविरुद्धचा पुरावा होत नाही. ही गोष्ट लोकांना पटायची तेव्हा पटेल, आधी ती तुला पटायला हवी. कारण ज्याला स्वतःचा आजार खरा वाटत नाही, तो जरा बरे वाटताच औषध सोडतो, आणि नुकसान खरे तिथून सुरू होते.

आजार म्हणजे अंगावर दिसेल ते, ही समजूत फार जुनी आहे. तू मोहनखेड्याच्या जैन तीर्थात आहेस, तेव्हा चैत्र-आश्विनातली नवपदाची ओळी तुला नवीन नाही. नऊ दिवस आयंबिल, एकवेळचे अळणी, बिनतेलातुपाचे अन्न. त्यामागची श्रीपाल राजा आणि मयणासुंदरीची कथा तर आपल्या माळव्यातली, उज्जैनची. श्रीपालाचा कोढ गेला आणि काया उजळली, हा त्या कथेचा कळस. श्रद्धेच्या जागी ती कथा मोठीच आहे, पण तिच्यात रोगही डोळ्यांना दिसतो आणि बरे होणेही डोळ्यांना दिसते, हे लक्षात घे. युरोपातही फार वेगळे नव्हते. सोरायसिस आणि महारोग यांची गल्लत तिथे शतकानुशतके चालली. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्राने १८४१ मध्ये दोन्ही स्वच्छ वेगळे केले तेव्हा कुठे ती थांबली. त्याआधी १८१८ मध्ये पॅरिसच्या अलिबेरने चट्टे असलेल्या काही रोग्यांचे सांधेही दुखतात, अशी नोंद केली होती. म्हणजे डॉक्टरही सांध्यापर्यंत पोचले ते कातडीच्याच वाटेने. १९७३ मध्ये इंग्लंडातल्या लीड्सच्या मॉल आणि राइट या दोघांनी या संधिवाताची जी व्याख्या केली, तिच्यातही सोरायसिस असणे गृहीतच होते. तेव्हा तुझा प्रश्न अडाणीपणाचा नाही. पन्नास वर्षांपूर्वी तज्ज्ञांनीही तोच विचारला असता.

मग बदलले काय? रोगी मोजले गेले. या आजाराच्या साधारण १०० रोग्यांपैकी ७० जणांना आधी कातडीचा त्रास होतो आणि सांधे काही वर्षांनी धरतात. पंधरा-एक जणांना दोन्ही बरोबरच सुरू होते, आणि उरलेल्या पंधरांच्या आसपास लोकांचे सांधे आधी धरतात. त्यांच्यातल्या काहींना चट्टे पुढे उठतात, काहींना कधीच उठत नाहीत. ही मंडळी व्याख्येबाहेर राहात होती. म्हणून २००६ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून ‘कॅस्पर’ नावाचे निकष ठरवले. त्यात आधी सांधा, मणका किंवा स्नायूबंध हाडाला जिथे चिकटतो ती जागा, यांपैकी कुठेतरी दाहाची सूज हवी. त्यानंतर गुण मोजायचे, निदान तीन व्हायला हवेत. आज अंगावर सोरायसिस असेल तर दोन गुण. पूर्वी होऊन गेला असेल, किंवा स्वतःला कधीच नसून जवळच्या नात्यात कोणाला असेल, तर एक. नखांतले ठरावीक बदल, रक्तातला आर. ए. फॅक्टर निगेटिव्ह येणे, अख्खे बोट सुजणे आणि क्ष-किरणात सांध्यालगत नवे हाड धरलेले दिसणे, यांना प्रत्येकी एक. आता तुझा हिशेब कर. आर. ए. फॅक्टर निगेटिव्ह. उजव्या पायाचे चौथे बोट मुळापासून टोकापर्यंत वेलची केळ्यासारखे सुजलेले. आणि नखे? अंगुस्तान्यावर असतात तसे बारीक खड्डे दोन नखांवर आहेत, असे डॉक्टरांनी लिहिले आहे. तू ते कॅल्शियम कमी पडल्याच्या खाती घातले होतेस. झाले तीन. पुरावा हाताशीच होता, तो शोधण्याची जागा तेवढी चुकली. बाकी कातडीही पूर्ण तपासून घे: टाळू, कानामागे, बेंबी, कुल्ल्यांमधली फट. कोंडा म्हणून सोडून दिलेली टाळूवरची खपली पुष्कळदा सोरायसिस निघते.

नात्यातल्या गुणाबद्दल थोडे वेगळे लिहितो, कारण आपल्या समाजात तो हमखास हुकतो. आजीआजोबा, काका, आत्या, मामा, मावशी यांच्यापर्यंत तो मोजला जातो. पण धारला काय, देवासला काय, नाहीतर पुण्याला काय, कातडीचा आजार घरात असेल तर लग्ने जमेपर्यंत तो लांब बाह्यांखाली झाकून ठेवायचा, हीच रीत. मलमाची ट्यूब कपाटात मागे सरते आणि दोन पिढ्यांनी नातवाच्या केसपेपरवर डॉक्टर लिहितो: ‘कौटुंबिक इतिहास नाही’. तुझ्याही कागदावर तेच वाक्य आहे. त्यावर विसंबू नकोस. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना एकेकीला बाजूला घेऊन विचार. पुरुषांना यातले काही ठाऊक नसते.

आता पेढीवरच्या शंकेकडे वळू. सकाळी गादीवरून उठवत नाही आणि दुपारी हाच मुलगा यात्रेकरूंच्या खोल्या दाखवत धर्मशाळेभर फिरतो, हा त्यांचा आक्षेप. निरीक्षण त्यांचे अचूक आहे, निष्कर्ष उलटा आहे. झिजलेला गुडघा चालून चालून दुखतो आणि बसले की निवतो. दाहाच्या संधिवाताचे याच्या विरुद्ध: विश्रांतीने सांधे आखडतात, पहाटे सर्वांत वाईट असतात, अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त वेळ ताठरच राहतात आणि हालचालीने सैल होतात. ज्याला लोक सोंगाची खूण समजतात, तीच डॉक्टरच्या लेखी रोगाची खूण आहे. टाचेचेही तसेच. आपल्याकडे टाच दुखली की ‘टाचेचे हाड वाढले’ म्हणून मऊ चप्पल घेतात आणि विषय संपतो. या आजारात टाचेमागचा जाड स्नायूबंध किंवा तळव्याचा पट्टा जिथे हाडाला धरतो तिथेच दाह असतो. टाचेसाठी हाडाचा डॉक्टर, कंबरेसाठी मालिशवाला, बोटासाठी युरिक ॲसिडची गोळी आणि थकव्यासाठी टॉनिक, अशी एकाच आजाराची वाटणी होते आणि चौघांपैकी कोणालाच तो अख्खा दिसत नाही. नाव म्हणून महत्त्वाचे. तुझ्या नोकरीच्या गावी जैन आचार्य राजेंद्रसूरींची समाधी आहे. शब्द योग्य जागी लावण्यासाठी त्या माणसाने सात खंडांचा ‘अभिधान राजेंद्र’ कोश रचला. तिथे बसून नावाला नुसते नाव म्हणणे तुला शोभत नाही.

पण रक्ताचे रिपोर्ट चांगले आले त्याचे काय, असे तू म्हणशील. ईएसआर आणि सीआरपी हे दाहाचे आकडे या आजाराच्या जवळपास निम्म्या रोग्यांत नेहमीच्या मर्यादेतच असतात. हा आजार हमखास पकडणारी एकही रक्ततपासणी आज उपलब्ध नाही. मग निदान चुकलेलेही असू शकते ना? असू शकते, आणि हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन्महिने धरतात, जुलाबाच्या किंवा लघवीच्या संसर्गानंतरही धरतात, आणि वातरक्त, म्हणजे युरिक ॲसिडचा संधिवात, बोट असेच लालबुंद करतो. शिवाय ते निकष मुळात संशोधनासाठी रोगी निवडता यावेत म्हणून केलेले. डॉक्टरच्या नजरेची जागा ते घेत नाहीत. म्हणून दर भेटीत निदान पुन्हा तपासले जाणे योग्यच आहे, आणि तुला शंका असेल तर सगळे कागद घेऊन दुसऱ्या संधिवाततज्ज्ञाकडे जरूर जा. मात्र ‘कदाचित चुकले असेल’ म्हणत घरी बसणे हा त्यावरचा उपाय नव्हे. २०१५ मध्ये आयर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवले की पहिल्या लक्षणापासून तज्ज्ञाकडे पोचायला सहा महिन्यांहून अधिक उशीर झालेल्या रोग्यांची सांध्यांची झीज आणि पुढची हालचाल, दोन्ही जास्त बिघडलेली होती. झिजलेले हाड परत भरत नाही. तुझे आठ महिने टाचेच्या चपलांतच गेले आहेत.

औषधे कडक आहेत, यकृत बिघडेल, ही भीती अगदीच निराधार नाही, म्हणून तर दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचे असते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. ‘एकदाच’ हा शब्द कॅलेंडरवर लाल शाईने लिही, कारण रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. सोबत फॉलिक ॲसिड सांगितल्याप्रमाणे, आणि दारू नाही. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोल. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, हे आजच ध्यानात ठेवलेस तर तिसऱ्या आठवड्यात निराश होणार नाहीस. त्याने भागले नाही तर बायोलॉजिक इंजेक्शने आहेत. २०१४ च्या अखेरीस ॲडालिमुमॅबची भारतात बनलेली आवृत्ती आली, तेव्हापासून किमती खाली येऊ लागल्या, तरी तुझ्या पगाराला त्या जडच जातील. ती सुरू करण्याआधी अंगात दबून बसलेला टीबी आहे का, हे तपासावे लागते, कारण या औषधांनी तो उसळू शकतो. देवासात बसून टीबी लिहिताना कुमार गंधर्वांचे नाव आल्याशिवाय राहात नाही. १९४८ च्या आरंभी ते हवापालटासाठी इथे आले, अनेक वर्षे गाणे बंद राहिले, आणि स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर ते उठले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले होते. पुढे चार दशके लोक त्यांना समोर बसून ऐकत होते. त्यांतल्या एकालाही ते फुप्फुस दिसत नव्हते. बुवांनी ते सिद्ध करून दाखवले नाही, की नाकारलेही नाही. श्वास किती आहे हे ओळखून त्यात गाणे बसवले.

आयंबिलाने किंवा पथ्याने आजार जाईल, असे तुला तिथे दहा लोक सांगतील. उपास तुझ्या श्रद्धेचा भाग असेल तर डॉक्टरांना विचारून कर. वजन जास्त असेल तर ते उतरल्याने औषधाला साथ मिळते, हे खरेच आहे; बाफले आणि तुपाच्या वाटीबद्दल मी काही बोलत नाही, तू समजून घे. पण डाळ, दही, टोमॅटो, लिंबू एकेक करून ताटातून काढत गेलास तर सांधे होते तिथेच राहतील आणि अंगातली ताकद तेवढी जाईल. आणि पुड्या घेऊ नकोस. दोन दिवसांत जादू करणाऱ्या बिननावाच्या पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड असते, आणि ते एकदम बंद केले की सोरायसिस अंगभर भडकू शकतो. मग पेढीवाल्यांना हवा तो पुरावा मिळेल, पण फार महागात.

लोकांना किती सांगावे, हा तुझा शेवटचा प्रश्न. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत, त्यांत संधिवाताला स्वतःचे नाव नाही. सांधे कायमचे बिघडून हालचालीत मोजता येण्याजोगी उणीव आली तरच दाखल्याचा विचार होतो. म्हणजे कायदाही दिसण्याचीच वाट पाहतो. आपण उपचार करतो आहोत ते ती वेळ येऊ नये म्हणून, तेव्हा दाखल्याच्या आधाराने भांडता येणार नाही, बोलूनच काय ते मिळवावे लागेल. सगळ्यांना पटवत बसू नकोस. पेढीच्या मुनीमजींना मात्र स्पष्ट सांग, आणि आजाराचे वर्णन करण्याऐवजी सोय माग: गादीवर मांडी घालून बसण्याऐवजी खुर्ची-टेबल, दर तासाला पाच मिनिटे उठण्याची मोकळीक, आणि सकाळची पाळी शक्य तितकी उशिरा. राजेंद्रसूरींची गुरुसप्तमी सतरा-अठरा दिवसांवर आली आहे. त्या गर्दीत, पौषाच्या थंडीत, पहाटे चारच्या पाळीला कोणाला उभे करायचे हे आताच ठरत असेल, तेव्हा हे बोलणे याच आठवड्यात उरक.

एका वहीत रोज चार ओळी लिही: सकाळी ताठरपणा किती मिनिटे होता, कोणता सांधा, थकवा किती, औषध कोणत्या वारी घेतले. सुजलेल्या बोटाचा फोटो सूज असतानाच काढून ठेव. डॉक्टरांच्या दारात पोचेपर्यंत ती नेमकी उतरलेली असते. आणि डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सोसेनासा झाला, तर ‘डोळे आले’ म्हणून गुलाबपाणी घालत बसू नकोस; हा दाह डोळ्यातही उतरतो, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठ. पुढच्या वेळी इंदूरला जाशील तेव्हा जुने एक्स-रे बरोबर ने. मुनीमजी काय म्हणाले ते कळव.

तुझा,
मामा