दुधी काचेला काळा आडोसा

मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यात दृश्य मागच्या दुधी काचेवर उलटे उमटते. बाहेरचा उजेड काचेवर पडला की ते फिके होते व फोकस नीट साधत नाही. प्रत्येक छायाचित्राला फिल्मचा स्वतंत्र तुकडा लागतो. आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना तो वाया घालवणे परवडत नाही. छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेतात, पण वाऱ्यात ते उडते.

यावर घरगुती उपाय म्हणजे पुठ्ठ्याचा हूड. ४×५ इंची काचेच्या चौकटीवर घट्ट बसेल असे, दोन्ही टोकांना उघडे, सुमारे २५ सेंटिमीटर लांब खोके करावे. निरोगी डोळ्याला एवढ्या अंतरावरून बारकावे सहज दिसतात. आतून बिनचकाकीचा काळा कागद लावावा, सांधे काळ्या चिकटपट्टीने बुजवावेत.