घटक 7 : नवख्याच्या हाती सीडी – सूचनांची भाषा

7.0 उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ या शब्दांमधील अर्थभेद उदाहरणांसह सांगता येईल. अनभिज्ञ वाचकासाठी लिहिलेली सूचना कोठे फसते, हे तिच्या वाक्यरचनेवरून ओळखता येईल. त्याचबरोबर एखादे लहान सूचनापत्रक स्वतः लिहून ते तपासून पाहता येईल.

7.1 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण निवेदन आणि जाहीर सूचना यांच्या भाषेचा परिचय करून घेतला. त्या सूचना ज्याला परिसर ठाऊक आहे अशा वाचकासाठी होत्या. फलाट कोणता आणि तिकीटखिडकी कोणती, हे प्रवाशाला निदान दिसते तरी. या घटकात आपण याहून अवघड प्रसंग अभ्यासणार आहोत. वाचकाला ज्या वस्तूचे नावही माहीत नाही, ती वस्तू त्याच्या हाती देऊन तिच्याविषयी दोन शब्द सांगायचे आहेत. अशा वेळी भाषा कशी असावी?

उदाहरणादाखल आपण मुक्त सॉफ्टवेअरच्या सीडी वाटणाऱ्या स्वयंसेवकांचा विचार करू. आपल्यापैकी अनेकांनी सीडी हाताळलीही नसेल, म्हणून थोडी पार्श्वभूमी देते. 2004 च्या धोरणानुसार आपल्याकडे सेकंदाला 256 किलोबिट या वेगाच्या जोडणीला ‘ब्रॉडबँड’ म्हणत असत, आणि तीही सर्वांकडे नव्हती. पुष्कळ घरांत दूरध्वनीच्या तारेवरून चालणारे 56 किलोबिटचे इंटरनेट होते. एका सीडीत साधारण 700 मेगाबाइट मजकूर मावतो. तेवढा मजकूर या तारेवरून उतरवायचा तर एक अख्खा दिवस ओलांडून वर काही तास लागत, आणि तेही मध्येच कोणाचा फोन न आला तर. म्हणून ज्याच्याकडे बरी जोडणी होती तो लिनक्सची प्रत उतरवी, कोऱ्या सीडींवर ती कमी वेगाने, चुका होऊ नयेत म्हणून जपून, लिहून घेई आणि येणाऱ्याजाणाऱ्याला देई. लिनक्स वापरकर्त्यांचे असे गट पुण्यामुंबईतही होते. 2004 पासून ‘सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन’ पाळला जाऊ लागला आणि पुढे तो सप्टेंबरात स्थिरावला. त्या दिवशी निरनिराळ्या देशांत अशी वाटपाची मेजे मांडली जात.

ऑक्टोबर 2004 मध्ये उबुंटू नावाची लिनक्सची आवृत्ती आली. तिच्यामागच्या कॅनॉनिकल या कंपनीने ‘शिपइट’ योजनेखाली छापील सीडी टपालखर्चही न घेता जगभर घरपोच पाठवल्या. 2011 मध्ये ही योजना बंद झाली. ‘उबुंटू’ हा दक्षिण आफ्रिकेतील न्गुनी भाषांमधील शब्द आहे. त्याला सर्वांत जवळचा मराठी शब्द ‘माणुसकी’ हाच म्हणावा लागेल.

7.2 मुक्त आणि मोफत

अशा मेजाशी उभे राहणाऱ्या स्वयंसेवकाला पहिला प्रश्न हमखास येई : “याचे किती पैसे?” त्यावर उत्तर ठरलेले असे : “काही नाही, फ्री आहे.” या उत्तरात खोटे काही नाही, परंतु सांगण्याजोगी मुख्य गोष्ट त्यातून निसटते.

1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून इंग्रजीतील ‘फ्री’ हा शब्द या चळवळीच्या गळ्यात अडकलेला आहे. त्यांना अभिप्रेत होते ते स्वातंत्र्य : आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालवण्याचे, ती कशी चालते हे पाहून बदलण्याचे, तिच्या प्रती वाटण्याचे आणि बदललेल्या प्रतीही वाटण्याचे. किंमत हा मुद्दा नव्हताच. 1985 च्या सुमारास स्टॉलमन स्वतः ग्नू ईमॅक्स या आज्ञावलीची टेप 150 डॉलरना विकत असत. ती टेप मुक्त होती, मोफत नव्हती. इंग्रजीत मात्र दोन्हींसाठी शब्द एकच असल्याने प्रत्येक वेळी खुलासा करावा लागे. ‘ओपन सोर्स’ हा शब्दप्रयोग 1998 मध्ये पुढे आला, त्यामागे ही अडचणही एक कारण होती.

मराठीत ही अडचण मुळातच नाही. ‘मुक्त’ हा संस्कृतातून आलेला शब्द आहे, तर ‘मोफत’ हा फारसीतल्या ‘मुफ्त’वरून आलेला. दोघांचे कार्यक्षेत्र वेगळे आहे. आपल्याला याचा पुरावा दूर शोधायला नको. आपण मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी आहात आणि प्रवेश घेताना आपण शुल्क भरले आहे. येथे ‘मुक्त’चा अर्थ ‘फुकट’ असा कोणी घेत नाही. हजेरीच्या आणि वयाच्या अटी सैल आहेत, दार उघडे आहे, एवढेच आपण त्यातून समजतो.

असे असूनही आमच्याकडचे स्वयंसेवक ‘फ्री’ असेच म्हणत राहिले. जो भेद भाषेने आयता हाती दिला होता, तो उसन्या शब्दापायी त्यांनी सोडून दिला. त्याचा परिणाम ऐकणाऱ्यावर होई. ‘फ्री’ ऐकताच त्याच्या मनात ‘फुकट’ उमटे, आणि मराठीत ‘फुकट’ला प्रतिष्ठा नाही. ‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण म्हणतो ते हसतच. फुकट मिळालेली सीडी कपाटावर पडे किंवा चहाच्या कपाखाली जाई. याउलट, “याच्या तुम्ही कितीही प्रती करून कोणालाही देऊ शकता, तो गुन्हा नाही,” असे वाक्य उच्चारले की माणूस थबकून सीडीकडे पुन्हा पाहतो, असा माझा अनुभव आहे. कारण या वाक्यात केवळ माहिती नाही. ते परवानगी देणारे वाक्य आहे, आणि ती परवानगी ऐकणाऱ्याला घेणाऱ्याच्या जागेवरून देणाऱ्याच्या जागेवर नेते.

7.3 ‘डिस्क’ : एक प्रसंग

आता ज्या प्रसंगामुळे हा घटक लिहावासा वाटला, तो सांगते. 2007 च्या सप्टेंबरात एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी असे मेज मांडले होते. भाषेची प्राध्यापक म्हणून मला दोन शब्द बोलायला बोलावले होते. बोलून झाल्यावर मीही हौसेने मेजाशी उभी राहिले आणि सीडी वाटू लागले. एम.ए.ची एक विद्यार्थिनी आली. “मॅडम, हे मला जमेल का?” असे तिने विचारले. मी म्हणाले, “त्यात काय आहे? सीडी घाल आणि पुढे-पुढे दाबत जा.” मी स्वतः ते तसेच केले होते. माझ्या संगणकावर जपण्यासारखे काही नव्हते, ही गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही.

चार दिवसांनी ती विभागात आली. तिच्या संगणकावर जात्यावरच्या ओव्या होत्या. गावातील बायकांकडून ऐकून, वहीत उतरवून, मग टंकित केलेल्या. टंकित करून झालेल्या वह्या तिने धाकट्या भावाला कच्च्या कामासाठी देऊन टाकल्या होत्या. उरलेल्या दोन वह्या तेवढ्या घरी होत्या. ती तक्रार करायला आली नव्हती. तिने एवढेच विचारले : “मॅडम, डिस्क म्हणजे सीडीच ना?”

तिने काय वाचले ते पाहू. त्या वेळच्या उबुंटूमध्ये बसवणीचे पडदे एकामागून एक येत : भाषा, ठिकाण, कळफलक आणि त्यानंतर डिस्क. पहिले तीन निरुपद्रवी. तेथे काहीही निवडले तरी बिघडत नाही. त्यामुळे ‘फॉरवर्ड’ दाबण्याची बोटाला सवय होते, आणि चौथा पडदा येतो तोवर वाचकाची सावधानता संपलेली असते. त्या चौथ्या पडद्यावर प्रमुख पर्याय दोन होते. एकाचा आशय ‘विभागाचा आकार बदला आणि मोकळी झालेली जागा वापरा’ असा, आणि त्यात कंसातले आकडे व ‘एसडीए’सारखी अक्षरे. दुसरा छोटा व सोपा : ‘यूज एन्टायर डिस्क’, म्हणजे ‘संपूर्ण डिस्क वापरा’. जो पर्याय तिच्या ओव्या वाचवणार होता तो वाचायला भयंकर होता. जो सर्व काही पुसणार होता तो सौम्य होता. तिने विचार केला, आकारबिकार बदलायला नको, हातात दिलेली डिस्क पूर्ण वापरू.

इंग्रजीत या दोन वस्तूंची वर्णलेखने सामान्यतः भिन्न आहेत. सीडीची ‘डिस्क’ एका अक्षराने संपते, संगणकातील हार्ड डिस्कची दुसऱ्या. इंग्रजी वाचकालाही तो भेद पुष्कळदा जाणवत नाही, पण निदान कागदावर तो आहे. मराठीत उच्चार एक, लेखनही एक. शिवाय बोलण्यात ‘हार्ड डिस्क’चे ‘डिस्क’ झाले नव्हते, लोक ‘हार्डडिस्क’ असा जोडशब्दच वापरत. नुसते ‘डिस्क’ म्हटले की डोळ्यांपुढे येई ती चकाकणारी गोल तबकडी. म्हणजे तिने चुकीचे वाचले नव्हते. आपल्या भाषेत त्या शब्दाचा जो अर्थ रूढ होता, तोच तिने लावला. अज्ञान असलेच तर ते माझे होते. मी भाषाविज्ञानाची, तरी तिला ‘पुढे-पुढे’ सांगून मोकळी झाले.

7.4 चिठ्ठी

यानंतर आम्ही ठरवले की प्रत्येक सीडीसोबत अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यायची. पहिला मसुदा एका हुशार स्वयंसेवकाने लिहिला. त्यातील एक वाक्य असे होते :

“इन्स्टॉल करताना चौथ्या पायरीवर येणारा संपूर्ण डिस्क वापरण्याचा पर्याय, संगणकात महत्त्वाची माहिती असल्यास, निवडू नये.”

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. दोष आहे तो मराठीच्या स्वभावात. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याला चिकटून त्याहून शेवटी. ‘निवडू’पर्यंत पोहोचलेल्या वाचकाला ‘नये’ अजून दिसलेले नसते. एक डोळा चिठ्ठीवर आणि एक पडद्यावर ठेवून वाचणारा मनुष्य ‘संपूर्ण डिस्क वापरण्याचा पर्याय’ एवढे वाचून तोच पडद्यावर शोधू लागतो. म्हणून धोक्याच्या सूचनेत नकाराची चाहूल आरंभीच द्यावी लागते. शिवाय ‘नये’ हे विध्यर्थी रूप नियमावलीचे आहे. ते सर्वांना उद्देशून असते, म्हणून कोणालाच उद्देशून नसते. समोर बसलेल्या माणसाला वाचवायचे तर आज्ञार्थच हवा. बदललेली चिठ्ठी अशी :

“थांबा. ‘डिस्क’ असा शब्द पडद्यावर दिसला की काहीही दाबू नका. येथे डिस्क म्हणजे ही सीडी नव्हे. डिस्क म्हणजे तुमच्या संगणकाच्या आतली जागा, जिथे तुमचे फोटो, पत्रे आणि अभ्यास साठवलेला आहे. ‘संपूर्ण डिस्क’ निवडली तर ते सर्व पुसले जाईल आणि परत मिळणार नाही. आधी ते दुसरीकडे उतरवून घ्या. शंका असेल तर बसवू नका. सीडी तशीच चालवून पाहा, त्याने काहीही पुसले जात नाही.”

यातील शेवटचे वाक्य महत्त्वाचे होते. या सीडी ‘लाइव्ह’ होत्या. संगणकावर काही न बसवता त्या थेट सीडीवरून चालत, जरा मंद चालत इतकेच. परंतु ‘लाइव्ह’ शब्द नवख्याला क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून माहीत, त्यामुळे त्याला वाटे की यासाठी इंटरनेट लागत असावे. आम्ही तो शब्द काढला.

मसुदा तपासायला आम्ही जाणकारांकडे गेलो नाही. ग्रंथालयातील एका सेवकांना तो वाचायला दिला. ते ‘सीडीवरून बूट करा’ या ओळीवर थांबले आणि हसू दाबत म्हणाले, “मॅडम, पायात घालायचे का?” आम्ही पाचजणांनी तो मसुदा दहा वेळा वाचला होता, पण ‘बूट’ आम्हांला पादत्राण म्हणून दिसलाच नव्हता. तेथे मग ‘सीडी आत ठेवून संगणक बंद करून पुन्हा चालू करा’ असे लिहिले. वाक्य लांबले, पण अडणे थांबले. तरुण स्वयंसेवकांचे ‘फॉर्मॅट मारा’, ‘एंटर मारा’ हे प्रयोगही आम्ही काढले. बोलण्यात ते जिवंत आहेत आणि मला आवडतातही. चिठ्ठीत मात्र ‘पुसा’ हाच शब्द ठेवला, कारण पाटी पुसलेली असते हे प्रत्येकाला माहीत आहे.

सर्व शब्द मराठी करावेत असा आग्रह आम्ही धरला नाही, हेही नोंदवते. ‘पार्टिशन’साठी कोणी ‘विभाजन’ सुचवले. ते कोशात योग्य आहे, पण संगणकापुढे बसलेला माणूस आपली जागा ‘सी’ आणि ‘डी’ या नावांनी ओळखत होता, आणि लिनक्सच्या पडद्यावर ती नावे नव्हती. त्याला प्रतिशब्द नको होता. आपली ओळखीची ‘डी’ नव्या पडद्यावर कोणत्या नावाने वावरते आहे, हे त्याला हवे होते. आम्ही चिठ्ठीच्या पाठीमागे एक लहान आकृती काढली.

त्या विद्यार्थिनीने पुढे उरलेल्या दोन वह्यांवरून आणि गावी पुन्हा जाऊन काही ओव्या मिळवल्या. सर्व मिळाल्या नाहीत. गाणारीला तीच ओवी दुसऱ्यांदा तशीच आठवेल असे नसते. चिठ्ठीतील ‘येथे डिस्क म्हणजे ही सीडी नव्हे’ हे वाक्य तिचे आहे. मेजाशी उभी राहून पुढच्या वर्षी ती वाटत होती, आणि कोणी “जमेल का?” असे विचारले की ती आधी विचारी : “तुमच्या संगणकात काय काय आहे?”

7.5 स्वाध्याय

1. ‘मुक्त’, ‘मोफत’, ‘फुकट’ आणि ‘विनामूल्य’ हे शब्द ‘प्रवेश’, ‘छंद’, ‘सल्ला’ आणि ‘औषध’ या शब्दांपूर्वी लावून पाहा. कोणत्या जोड्या मराठीत चालतात, कोणत्या खटकतात आणि कोणत्या जोडीत अर्थ पालटतो, ते सुमारे दीडशे शब्दांत लिहा.

2. आपल्या भ्रमणध्वनीवर ‘परवानगी द्या’ किंवा ‘हटवा’ असा मराठी पर्याय दिसतो तो एखादा पडदा निवडा. आपल्या घरातील ज्या व्यक्तीला त्याची सवय नाही, तिला तो वाचायला द्या आणि तिने लावलेला अर्थ तिच्याच शब्दांत लिहून घ्या. मध्ये बोलू नका.

3. “आपण हा पर्याय निवडतो” या वाक्यातील ‘आपण’ आदरार्थी आहे की बोलणाऱ्यासह सर्वांना कवेत घेणारा? सूचनापत्रकात तो वापरल्यास नवख्या वाचकाचा कोणता गोंधळ होईल? ‘तुम्ही’ वापरून वाक्य पुन्हा लिहा आणि क्रियापदात झालेला बदल नोंदवा.