शेतीत खाजगी भांडवल : इस्लापूर परिसरासाठी काही विचार

शेतीचा विकास म्हणजे केवळ अधिक पिकविणे नव्हे. पिकविलेल्या मालाचे मोल आपल्याच परिसरात वाढविणे, हाही त्याचा तितकाच महत्त्वाचा भाग होय. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूर परिसराच्या दृष्टीने हा विचार विशेष अगत्याचा आहे. पैनगंगेच्या काठचा, सहस्रकुंड धबधब्यामुळे परिचित असलेला हा भाग डोंगराळ व वनव्याप्त आहे. कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही येथील पिके. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्ग या भागातून जातो आणि शेजारच्या तेलंगणातील आदिलाबाद ही कापसाची मोठी बाजारपेठ आहे. तथापि शेतमाल बहुतांशी कच्च्या स्वरूपातच बाहेर जातो आणि त्यावरील प्रक्रियेचा नफा इतरत्र पडतो.

मोल कोठे वाढते?

१०० किलो कापूस जिनिंगमध्ये गेला की ढोबळमानाने त्याची एक-तृतीयांश रुई होते. उरलेला बहुतेक भाग सरकीचा असतो. रुई, सरकीचे तेल आणि पेंड या तिन्हींना स्वतंत्र गिऱ्हाईक आहे. १०० किलो सोयाबीनपासून सुमारे १८ किलो तेल व ८० किलोच्या आसपास पेंड मिळते. याच मराठवाड्यात लातूरने डाळ गिरण्या व सोयाबीनची बाजारपेठ यांच्या बळावर नाव मिळविले, ही बाब बोलकी आहे.

गोदाम, चाळणीयंत्र, वाळवणीची सोय, छोटी डाळ गिरणी, जिनिंग या सर्वांना भांडवल लागते. कोरडवाहू शेतकऱ्याची बचत तुटपुंजी असते आणि शासकीय अनुदानालाही मर्यादा असतात. म्हणून बँका, उद्योजक व गुंतवणूक संस्था यांचा पैसा शेतीकडे वळविणे आवश्यक ठरते. हा पैसा कोणत्या अटींवर आणावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रातील एक उदाहरण

२००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन 'उत्पादक कंपनी' हा प्रकार अस्तित्वात आला. किमान १० शेतकरी एकत्र येऊन अशी कंपनी स्थापन करू शकतात. तिचे भाग केवळ उत्पादकांनाच घेता येतात आणि भाग कितीही असले तरी व्यक्तिगत सभासदाला मत एकच असते. सहकाराचा आत्मा आणि कंपनीची कार्यपद्धती यांचा हा मेळ होय.

नाशिक जिल्ह्यातील मोहाडी येथील सह्याद्री फार्म्स ही अशीच शेतकऱ्यांची कंपनी. बाहेरच्या गुंतवणूकदाराला उत्पादक कंपनीचे भाग घेता येत नाहीत, ही अडचण तिने उपकंपनीच्या मार्गाने सोडविली. काढणीनंतरच्या प्रक्रियेसाठीच्या या उपकंपनीत २०२२ मध्ये युरोपातील चार संस्थांनी सुमारे ३१० कोटी रुपये गुंतविले. मूळ कंपनी मात्र शेतकऱ्यांचीच राहिली. आधी संघटन, मग मालाची प्रत व चोख हिशेब आणि त्यानंतर बाहेरचे भांडवल, हा येथील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे.

पश्चिम आफ्रिकेचा अनुभव

कापसाचे अर्थकारण समजून घेण्यासाठी पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशाकडे पाहणे उद्बोधक ठरेल. महाराष्ट्रात १९७२ पासून अनेक वर्षे कापूस एकाधिकार खरेदी योजना राबविली गेली. बुर्किना फासोमध्येही सोफिटेक्स या एकाच कंपनीकडे खरेदीचा अधिकार होता. १९९९ मध्ये तिच्या भागभांडवलातील ३० टक्के हिस्सा कापूस उत्पादकांच्या संघाला देण्यात आला. २००४ मध्ये आणखी दोन कंपन्यांना स्वतंत्र विभाग नेमून देण्यात आले. पुढे जागतिक भाव घसरले, कंपनी तोट्यात गेली आणि शासनाला पुन्हा भांडवल पुरवावे लागले. भागीदारीने शेतकऱ्याला अधिकार मिळतो, त्याचबरोबर जोखीमही येते. म्हणून चांगल्या वर्षातील नफ्यातून राखीव निधी बाजूला काढणे अपरिहार्य आहे.

जमीन हा भांडवलाचा मोबदला नव्हे

किनवट तालुक्यात आदिवासी बांधवांची संख्या लक्षणीय असून तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासींची जमीन विक्री, गहाण, पट्टा किंवा अन्य मार्गाने बिगर आदिवासीकडे हस्तांतरित करण्यास सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी आवश्यक आहे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने विशेष अधिकार दिले आहेत. गुंतवणुकीच्या नावाखाली कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जाणार नाही, याबद्दल तलाठी, ग्रामसेवक व शिक्षक यांनी दक्ष राहिले पाहिजे. उद्योजकाला शेतकऱ्याच्या मालाची गरज असते. त्यासाठी सातबारावरील नाव बदलण्याचे कारण नाही.

गावाने करावयाची तयारी

पहिली पायरी माहितीची. कोणत्या गावात कोणत्या पिकाचे किती क्षेत्र आहे व माल कोणत्या महिन्यात बाजारात येतो, याची नोंद पंचायतीने ठेवावी. खात्रीचा पुरवठा दिसल्याशिवाय गुंतवणूकदार येत नाही.

दुसरी पायरी साठवणुकीची. राज्य कृषी पणन मंडळाच्या १९९०-९१ पासूनच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात ठेवलेल्या सोयाबीन, तूर आदी मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची तरतूद आहे. सुगीतील पडत्या भावाने विकण्याची घाई त्यामुळे टळते. केंद्र शासनाने २०२० मध्ये सुरू केलेल्या १ लाख कोटी रुपयांच्या कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत कमाल ७ वर्षांसाठी ठेवण्यात आली. अशा सवलतींची चालू मुदत व नियम तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून समजून घ्यावेत.

तिसरी पायरी कराराची. मालाची प्रत कोण ठरविणार, वजन कोठे होणार, भाव कोणत्या आधारे लागणार, पैसे किती दिवसांत मिळणार आणि वाद कोणापुढे जाणार, ही पाच कलमे मराठीत, स्पष्ट शब्दांत लिहिलेली असावीत. करार ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. शाळेतील शिक्षकांचे साहाय्य या कामी मोलाचे ठरेल.

भांडवल हे पाण्यासारखे आहे. बांध नीट घातला तर ते शेताला जीवन देते. बांध नसेल तर मातीही वाहून नेते. संघटना, हिशेब व करार हे ते बांध होत. ते घालण्याचे काम इस्लापूर परिसरातील ग्रामसभांनाच करावयाचे आहे, आणि गुंतवणूकदार दारी येण्यापूर्वीच ते झाले पाहिजे.